चौथीचा वर्ग आणि अख्खी कादंबरी

‘श्यामची आई’ या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात मंडळी जमतात, श्याम एक आठवण सांगतो, आणि उरलेलं दुसऱ्या रात्री. ‘रात्र पहिली’पासून ‘रात्र बेचाळिसावी’पर्यंत असंच. वर्गात मोठ्यानं वाचलं तर यातली बहुतेक रात्र एका तासिकेत बसते. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ साली ते पुस्तकरूपानं आलं. चौथी-पाचवीच्या वर्गात सलग ऐकवायला कादंबरी निवडताना आजही पुष्कळ शिक्षकांचा हात आधी याच पुस्तकाकडे जातो. कारण संस्कारांचं सांगितलं जातं, पण मला वाटतं खरं कारण हे माप आहे.

आपल्या कानाला हे माप जुनं आहे. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२चा. चातुर्मासात देवळात किंवा ओसरीवर अशी पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणारे सगळे, पोरंटोरंसुद्धा. ठरलेला अध्याय संपला की पोथी बासनात, पुढचं उद्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनीही असा अख्खा ग्रंथ पुरा केलेला असायचा.

शाळेनं मात्र वेगळी वाट धरली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ १८२८ साली आलं. मुलांसाठी भाषांतरित केलेल्या, छोट्या छोट्या गोष्टींचं ते पुस्तक. पुढे इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकं तयार झाली आणि वाचन म्हणजे धडा हे समीकरण पक्कं झालं: दोन-तीन पानं आणि खाली प्रश्न. १९६७मध्ये बालभारतीची स्थापना झाल्यावर धडे निवडण्यात जाण आली, चित्रं आली, चांगले लेखक आले. तरी कादंबरी वर्गात यायची ती उताऱ्यापुरतीच. नायकाशी ओळख होते न होते तोच ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’.

लांब गोष्टीची भूक मग मासिकांनी भागवली. विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बालबोध’ १८८१चं, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६चं. भा. रा. भागवतांनी १९५१मध्ये ‘बालमित्र’ काढलं (छत्र्यांच्या पुस्तकाचं नाव असं सव्वाशे वर्षांनी परत आलं, याचा मला फार आनंद होतो). बालभारतीनंच १९७१मध्ये ‘किशोर’ सुरू केलं. पुढच्या अंकाची वाट बघायला पोरं इथं शिकली. भागवतांचा फास्टर फेणे १९७०च्या दशकात पुस्तकांतून आला. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा तोंडानं ‘ट्टॉक्’ करतो, तो आवाज शिक्षकानं एकदा नीट काढला की वर्ग त्याचा झाला!

वर्गात काय वाचावं यावर सर्वात धीटपणे लिहिलं ते भावनगरच्या बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी, ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या गुजराती पुस्तकात. त्यातल्या लक्ष्मीराम मास्तरांना चौथीचा वर्ग मिळतो. पहिल्या दिवशी त्यांचा बेत पार फसतो. मग ते एक लांबलचक गोष्ट सांगायला घेतात आणि घंटा झाली तरी मुलं हलत नाहीत. पुढे ते वर्गाचं वाचनालयही उभं करतात. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हे वारं बोर्डीत आणि नंतर कोसबाडला आणलं.

सरकारी योजनांतून पुस्तकं आली: १९८७च्या ‘खडू-फळा’ मोहिमेत, मग २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं म्हटल्यावर. ती आली आणि बऱ्याच ठिकाणी कपाटात बसली. पुस्तक फाटलं तर नोंदवहीत काय दाखवायचं, ही धास्ती मी स्टाफरूममध्ये कितीदा ऐकली आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, २०१५पासून. त्या दिवशी कपाट उघडतं. मला ते रोज उघडं हवं आहे.

कपाटात एका कादंबरीची बहुधा एकच प्रत असते. गटवाचनाला, म्हणजे मुलांनी गटागटानं तेच पुस्तक वाचायला, निदान पाच-सहा लागतात. म्हणून आपल्याकडे आधी शिक्षकानं वाचून दाखवणं आलं, आणि निवडही कानानंच करावी लागते. दोन पानं मोठ्यानं वाचून बघायची. संवादात कोण बोलतंय हे आवाजावरून कळतं का? विदर्भातल्या मुलांना कोकणातले किती शब्द अडतील? ‘श्यामची आई’च्या शेवटी आई जाते. वर्गात आईविना वाढणारं एखादं लेकरू असेल तर ती रात्र कशी वाचायची, की काही दिवस थांबायचं, हे शिक्षकानं पुस्तक घेण्याआधी ठरवलेलं असावं. पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलं असणं ही माझी एकमेव सक्तीची अट आहे.

एका वर्गात मी पाहिलं, बाईंनी पहिली चार प्रकरणं वाचून दाखवली आणि जमवलेल्या तीन प्रती तीन गटांना दिल्या. एका गटात अडखळत वाचणारा मुलगा होता. पाचव्या प्रकरणात त्याचं बोट ओळीवरून हळूहळू सरकत होतं, पण पात्रांची नावं आली की तो थांबत नव्हता. ती त्याला कानानं पाठ झाली होती.