पिण्याचा परवाना आणि साथीच्या काळातले दारूचे नियम: नागपूरकरांसाठी अर्ज प्रक्रिया

महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 अजून लागू आहे आणि परवानाधारकाला मिळते ती त्यातली सूट. एरवी वाइन शॉपवर हे कोणी विचारत नाही, म्हणून बहुतेकांना पत्ताच नसतो. कोरोनाच्या टाळेबंदीत, मे 2020 मध्ये, दारूची घरपोच विक्री सुरू झाली तेव्हा पहिला प्रश्न परवान्याचाच आला आणि कागद नसलेले हजारो लोक एकदमच पोर्टलवर धावले. परवाना काढायचा तर निवांत असताना काढावा.

पात्रता आणि फी. स्पिरिटसाठी, म्हणजे व्हिस्की, रम वगैरेंसाठी, वयाची 25 वर्षं पूर्ण हवीत. वाइन आणि सौम्य बिअरसाठी 21. तीन पर्याय आहेत. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना दुकानातच 5 रुपयांत मिळतो (देशीसाठी 2 रुपये). एका वर्षाचा 100 रुपयांत आणि आजीवन 1000 रुपयांत. वर्षाचा परवाना संपल्याचं लक्षात राहत नाही आणि अडचण नेमकी तेव्हाच येते. नियमित घेणाऱ्याने आजीवनच काढावा.

कागदपत्रं. पासपोर्ट आकाराचा फोटो, स्वाक्षरी, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि वयाचा पुरावा. आधारवर पूर्ण जन्मतारीख असेल तर एकाच कागदावर भागतं. जुन्या आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन सोबत ठेवा.

अर्ज. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑनलाइन सेवा पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने खातं उघडायचं, वैयक्तिक मद्यसेवन परवाना निवडायचा, माहिती भरायची, कागद चढवायचे, फी ऑनलाइन भरायची आणि परवाना उतरवून घ्यायचा. अर्ज अडकतो तो बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, नाव. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि अर्जात नाही, एवढ्यानेही अर्ज परत येतो. आधारवरचं नाव जसंच्या तसं उतरवा. दुसरं, पत्ता. घरपोच विक्रीच्या आदेशात माल परवानाधारकाच्या राहत्या पत्त्यावरच द्यायचा होता. त्यामुळे भाड्याचं घर बदलून महालातून मनीषनगरला गेलेल्या माणसाचा जुना पत्ता कामाचा नाही. तिसरं, पैसे. खात्यातून रक्कम कापली गेली आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, खात्यात अर्जाची स्थिती पाहा आणि तरी सुटलं नाही तर उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात तो क्रमांक दाखवा.

साथीत कोणाचा आदेश चालतो? नागपुरात सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नाने केला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर 4 मे 2020 पासून राज्यात दारूची एकल (मॉल-बाजारसंकुलाबाहेरची) दुकानं उघडायला वाट झाली. पण नागपूर महापालिकेने शहराच्या हद्दीत ती उघडू दिली नाहीत. टीव्हीवर दुकानं सुरू झाल्याची बातमी ऐकून निघालेला माणूस धरमपेठेत बंद शटरसमोर उभा राहिला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 आणि साथरोग कायदा, 1897 यांखाली स्थानिक अधिकारी राज्याहून कडक निर्बंध घालू शकतात. म्हणून शहरात असाल तर महापालिका आयुक्तांचा आदेश वाचा. कामठी, हिंगणा, काटोलकडे असाल तर जिल्हाधिकाऱ्यांचा.

आदेश मोडला तर आपत्ती कायद्याच्या कलम 51 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जिवाला धोका झाला तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते. सरकारी आदेश मोडण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेचं कलम 188 आता भारतीय न्याय संहितेत 223 झालं आहे. तेव्हाचा 188 चा गुन्हा कोणावर असेल तर तो आपोआप मिटलेला समजू नये. खटला मागे घ्यायला सरकारी वकिलाचा अर्ज आणि न्यायालयाची परवानगी लागते. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव टाकून प्रकरणाची स्थिती बघा आणि निकाली निघालं असेल तर आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन ठेवा. पासपोर्ट पडताळणीच्या वेळी तीच दाखवावी लागते.

रस्ता जिल्ह्याबाहेर जातो तेव्हा. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदी जिल्हे आहेत. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये लागली आणि 2021 मध्ये उठली. पण नागपूरहून चंद्रपूरला जाणारा नेहमीचा रस्ता बुटीबोरीनंतर जाम गावावरून जातो आणि हे जाम वर्धा जिल्ह्यात आहे. अमरावती रोडवर कोंढाळी सोडल्यावर कारंजा, तळेगाव लागतं, तेही वर्ध्यातच. नाकाबंदीत गाडीत बाटली सापडली तर दारूबंदी अधिनियमाच्या कलम 65(ई) खाली गुन्हा नोंदतात आणि गाडीही जप्त होते. खिशात परवाना आहे या भरवशावर बाटली डिकीत टाकू नका. पांढुर्णा, सौंसरहून मध्य प्रदेशची दारू आणणंही बेकायदाच, कारण तिच्यावर महाराष्ट्राचं शुल्क भरलेलं नसतं.

घरपोचच्या नावाने फसवणूक. टाळेबंदीत वाइन शॉपच्या नावाखाली खोटे क्रमांक नेटवर फिरले. आधी पैसे मागणं, क्यूआर पाठवणं, ओटीपी विचारणं, ही त्यांची पद्धत. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पैसे गेले तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते आणि गोठवता येत नाही.

दुकान बंद आणि घरात रोज पिणारा माणूस असेल तर. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, झोप उडते, आणि दोन-तीन दिवसांत भास किंवा झटके येऊ शकतात. हा आजार आहे आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्याला परवान्याची किंवा पोलिसांची भीती दाखवून घरात कोंडून ठेवू नका. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) आकस्मिक विभागात न्या आणि शेवटची दारू कधी घेतली ते डॉक्टरांना खरं सांगा. एप्रिल 2021 मध्ये वणीत दारू मिळाली नाही म्हणून सॅनिटायझर प्यायलेली माणसं दगावली. घरातली सॅनिटायझरची बाटली अशा माणसाच्या हाती लागणार नाही अशीच ठेवा.