घरगुती वाइन आणि रिकाम्या बाटल्यांचा पुनर्वापर : पार्श्वभूमी

घरी वाइन करणारी मंडळी बाजारातल्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या जमवतात, त्यांची लेबले भिजवून काढतात आणि त्यांतच आपली वाइन भरतात, तेव्हा पाहणाऱ्याला ती काटकसर वाटते. प्रत्यक्षात वाइनची काचेची बाटली प्रचारात आली ती पुन्हा पुन्हा भरण्याची वस्तू म्हणूनच, आणि एकदा रिकामी झाली की टाकून देण्याची सवय त्या मानाने अलीकडची आहे.

सतराव्या शतकापूर्वी वाइन साठवली जाई ती लाकडी पिंपांत. काचेची भांडी होती, पण ती पातळ आणि नाजूक असल्यामुळे पिंपातली वाइन मेजापर्यंत आणण्यापुरतीच उपयोगी पडत. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६१५ मध्ये काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास मनाई केली. आरमाराच्या जहाजांसाठी लाकूड राखून ठेवणे हा त्यामागचा हेतू होता. भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या, त्यांतली उष्णता वाढली आणि जाड, गडद रंगाची, मजबूत काच तयार होऊ लागली. १६३०च्या दशकात या काचेपासून वाइनच्या बाटल्या घडवण्याचे श्रेय सर केनेल्म डिग्बी यांना दिले जाते. वाइनच्या बाटलीचा जन्म झाडे वाचवण्याच्या हुकुमातून व्हावा, हा इतिहासातला एक गमतीदार योगायोग आहे.

या बाटल्या तोंडाने फुंकून केलेल्या आणि महाग होत्या. प्रत्येकीत मावणारी वाइन थोडीफार कमीजास्त असल्यामुळे माप म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नसे. म्हणून श्रीमंत गिऱ्हाईक स्वतःच्या बाटल्या करून घेई, त्यांवर आपले चिन्ह काचेतच उमटवून घेई आणि विक्रेत्याकडून त्या मोजून भरून आणी. लंडनचे रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यांनी ऑक्टोबर १६६३ मध्ये आपले कुलचिन्ह असलेल्या बाटल्यांत वाइन भरली जात असताना पाहिल्याची नोंद केली आहे, आणि त्या बाटल्या पाच-सहा डझन होत्या. अशी चिन्हांकित बाटली घरच्या भांड्यांसारखीच मालमत्ता असे; ती फेकून देण्याचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समध्ये तर बाटलीत भरलेल्या वाइनची वाहतूक करायला राजाज्ञेने परवानगी मिळाली ती थेट १७२८ मध्ये.

बाटली स्वस्त होत गेली ती टप्प्याटप्प्याने. ब्रिस्टलच्या हेन्री रिकेट्स यांनी १८२१ मध्ये साच्यातून एकसारख्या मापाच्या बाटल्या काढण्याचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या सुधारणांमुळे १८६०-६१च्या सुमारास दुकानदारांना एकेक बाटली वाइन विकण्याचा परवाना मिळू लागला, त्यामुळे बाटलीसकट वाइन घरी नेणे रूढ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र आले आणि फुंकणाऱ्या कारागिरांची गरजच उरली नाही. तरीही धुऊन भरणे लगेच थांबले नाही. फ्रान्समध्ये खांद्यावर तारे उमटवलेल्या लिटरच्या बाटल्या अनामत रक्कम घेऊन दिल्या जात, परत घेतल्या जात आणि पुन्हा भरल्या जात.

धुण्याची पद्धत मात्र दीर्घकाळ धोकादायक होती. तळाशी चिकटलेला गाळ खरवडण्यासाठी बाटलीत शिशाचे छर्रे घालून हलवीत, आणि एखादा छर्रा तळाच्या खोबणीत अडकून राहिला तर आम्लयुक्त वाइनमध्ये शिसे उतरत असे. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी बाटलीही वाइन का बिघडवते, याचे उत्तर १८६०च्या दशकात लुई पाश्चर यांच्या संशोधनातून मिळाले: वाइनच्या रोगांना सूक्ष्मजीव कारणीभूत असतात. आज घरगुती वाइन करणारे बाटली धुतल्यावर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या सूक्ष्मजीवांना रोखणाऱ्या क्षाराच्या द्रावणाने विसळतात, त्यामागचे कारण हेच आहे.

घरगुती वाइनच्या प्रसाराला दोन घटनांनी मोठा हातभार लावला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात घरच्या वापरासाठी फळांचा रस करण्याची मोकळीक होती. तो रस आंबून मादक होऊ नये ही अपेक्षा बहुतांशी कागदावरच राहिली. दारूबंदी उठल्यावर बनावट मालाला आळा घालण्यासाठी व्हिस्कीसारख्या मद्यांच्या बाटल्यांवर, ही बाटली विकण्यास वा पुन्हा वापरण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, असे वाक्य काचेतच उमटवणे १९३५ पासून सक्तीचे झाले आणि ते १९६४ पर्यंत चालले. ही सक्ती वाइनच्या बाटल्यांना नव्हती. सध्याच्या अमेरिकी कायद्यानुसार दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात वर्षाला २०० गॅलन वाइन करता येते, मात्र विकता येत नाही. त्या मर्यादेइतकी वाइन भरायला सुमारे हजार बाटल्या लागतील, तेव्हा रिकाम्या बाटल्यांवर डोळा ठेवणे ओघानेच आले. दुसरी घटना ब्रिटनमधली: १९५३ मध्ये साखरेवरचे नियंत्रण उठले आणि फळाफुलांच्या घरगुती वाइनची लाट आली. तिथला एक गॅलनचा काचेचा बुधला, म्हणजे साडेचार लिटर, आजच्या ७५० मिलिलिटरच्या सहा बाटल्यांत नेमका रिकामा होतो.

हे ७५० मिलिलिटरचे माप युरोपात आणि अमेरिकेत १९७०च्या दशकात पक्के झाले, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या एकाच मापाने भरणे सोपे झाले. तोंडाच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. सुरुवातीची बुचे निमुळती असत, अर्धवट आत बसत आणि दोरीने बांधली जात. एकोणिसाव्या शतकात दाबून बसवण्याची यंत्रे आली तेव्हा सरळ नळीसारखे बूच पूर्ण आत जाऊ लागले. ते बूच सरळ, गुळगुळीत गळ्याच्या बाटलीतच नीट धरते. २००० नंतर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून फिरकीच्या झाकणाचा झपाट्याने प्रसार झाला, त्यामुळे जमवलेल्या बाटल्यांत आता आटे असलेल्या बाटल्या मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या गळ्यात बूच ठोकले तर ते घट्ट बसेलच असे नाही, आणि पातळ काठ तडकण्याची भीती असते; जुनेच झाकण पुन्हा लावावे, तर त्याचे अस्तर पहिल्यांदा दाबले गेलेले असल्यामुळे हवा पूर्ण अडत नाही. अशा बाटल्या लवकर संपवायच्या वाइनसाठी ठेवाव्यात हे बरे.

फेसाळ वाइनची गोष्ट वेगळी आहे. तिच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, आणि शँपेनच्या तळघरांत पूर्वी बाटल्या फुटून फार मोठे नुकसान होई. १८३६ मध्ये शालों येथील औषधविक्रेते फ्रान्स्वा यांनी साखरेचे प्रमाण मोजण्याची रीत दिली (बाटलीत आंबणारी साखर जास्त, तितका दाब जास्त), तेव्हापासून ते आटोक्यात येऊ लागले. म्हणूनच घरी फेसाळ वाइन करायची असेल तर रिकामी बाटली शँपेनसारख्या वाइनचीच, जाड काचेची आणि कुठेही टवका न उडालेली हवी. साध्या वाइनच्या बाटलीत किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, पुन्हा सुरू झाले, तर ती भरल्या जागीच फुटू शकते.