आयर्लंडमधील डिजिटल स्थित्यंतर (२०१२)

२४ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी प्रसारण कायमचे बंद झाले. ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री सुरू झालेली ही पद्धत जवळजवळ ५१ वर्षे टिकली. त्या दिवसापासून छपरावरच्या अँटेनाने टीव्ही पाहायचा तर ‘सेअरव्ह्यू’ या डिजिटल सेवेशिवाय पर्याय उरला नाही. आयरिश भाषेत ‘सेअर’ म्हणजे मुक्त, आणि मोफतही. नावाप्रमाणे या सेवेला मासिक वर्गणी नाही.

बदलाचा रेटा युरोपीय संघाकडून आला. २०१२ अखेर अ‍ॅनालॉग प्रसारण थांबवावे, असे संघाचे धोरण होते. डिजिटल प्रसारणासोबत वर्गणीची खासगी सेवाही उभी राहील, अशी आयर्लंडची सुरुवातीची कल्पना होती. ती फसली. परवान्यासाठी निवडलेल्या ‘बॉक्सर’ने २००९ मध्ये माघार घेतली, पुढच्या ‘वनव्हिजन’शी बोलणी फिसकटली, आणि ‘ईझी टीव्ही’नेही नकार दिला. आर्थिक मंदीच्या त्या दिवसांत हे अनपेक्षित नव्हते. शेवटी सारा भार आरटीई या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर पडला आणि २०११ मध्ये सेअरव्ह्यूचे औपचारिक उद्घाटन झाले. बाजाराने पाठ फिरवल्यावर सार्वजनिक संस्थेनेच ही जबाबदारी पेलली, ही या स्थित्यंतरातली सर्वात मोलाची बाब म्हणावी लागेल.

अ‍ॅनालॉगवर आरटीई वन, आरटीई टू, टीव्ही थ्री आणि आयरिश भाषेतील टीजी फोर अशा चारच वाहिन्या होत्या. सेअरव्ह्यूवर त्यांच्या जोडीला बातम्यांची एक आणि मुलांची एक अशा स्वतंत्र वाहिन्या, थ्री-ई ही वाहिनी, तसेच आरटीई वनचे कार्यक्रम तासाभराने पुन्हा दाखवणारी वाहिनी आली. केबल किंवा उपग्रह सेवा घेणाऱ्यांना काहीच करावे लागले नाही. जुन्या संचावर केवळ अँटेनाने पाहणाऱ्यांना मात्र सेट-टॉप बॉक्स घ्यावा लागला. सेअरव्ह्यू सुमारे ९८ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचते. डोंगरांच्या आडोशाला राहणाऱ्या उरलेल्यांसाठी ‘सेअरसॅट’ ही उपग्रह सेवा योजली गेली.

मोकळ्या झालेल्या लहरी मोबाइल सेवांकडे गेल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये जाहीर झालेल्या लिलावात, इतर लहरी-पट्ट्यांसह, सुमारे ८५.५ कोटी युरोंची बोली लागली.

सीमेपलीकडच्या उत्तर आयर्लंडमध्येही अ‍ॅनालॉग त्याच २४ ऑक्टोबरला संपले. युनायटेड किंग्डममधला डिजिटलकडे वळलेला तो शेवटचा प्रदेश. दक्षिणेच्या मनोऱ्यांवरून सांडणाऱ्या अ‍ॅनालॉग लहरींवर उत्तरेतील कितीतरी घरे वर्षानुवर्षे आरटीई पाहत आली होती, आणि त्या लहरीच आता नाहीशा होणार होत्या. ‘टेलिफीश ना गेल्गे’, म्हणजे आजची टीजी फोर, उत्तरेत अधिक व्यापक प्रमाणात पोचावी यासाठी प्रयत्न करण्याचे वचन उत्तर आयर्लंडमधील संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारातच होते. तिथल्या आयरिश भाषकांसाठी हा अस्मितेचा प्रश्न होता. दोन्ही सरकारांच्या समझोत्यानुसार २०१२ मध्ये आरटीई वन, आरटीई टू आणि टीजी फोर यांच्यासाठी उत्तरेत वेगळा डिजिटल प्रसारण-संच सुरू झाला. मात्र तो तेव्हाच्या नव्या, डीव्हीबी-टी२ तंत्रावर चालत असल्याने ‘फ्रीव्ह्यू’ या ब्रिटनमधील मोफत डिजिटल सेवेच्या साध्या बॉक्सवर दिसत नाही. त्यासाठी एचडी उपकरण लागते.