लार, मार्त

(२२ एप्रिल १९६०– ). एस्टोनियाचे पंतप्रधान (१९९२–९४ व १९९९–२००२) आणि इतिहासकार. जन्म व्हिल्यांडी येथे; शिक्षण तार्तू विद्यापीठात. सप्टेंबर १९९२ च्या निवडणुकीत १०१ सदस्यांच्या संसदेत त्यांच्या ‘इसामा’ (पितृभूमी) आघाडीला २९ जागा मिळाल्या आणि दोन पक्षांना सोबत घेऊन ते ३२ व्या वर्षी पंतप्रधान झाले.

एस्टोनियाला ‘नवस्वतंत्र’ म्हणावे का, हा वाद शब्दांपुरता नाही. १९४० चे सोव्हिएत सामिलीकरण बेकायदा होते, म्हणून ऑगस्ट १९९१ मध्ये जुनेच प्रजासत्ताक पुन्हा उभे राहिले, ही एस्टोनियाची भूमिका आहे. पाश्चात्त्य देशांनीही सामिलीकरण सहसा मान्य केले नव्हते. ही भूमिकाच अधिक ग्राह्य वाटते. तिला धरून १९३८ चा नागरिकत्व कायदा १९९२ मध्ये पुन्हा लागू झाला. १९४० पूर्वीचे नागरिक व त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिकत्व मिळाले, आणि नंतर येऊन वसलेले बहुतेक रशियन भाषक या निवडणुकीत मतदानाबाहेर राहिले. लार यांचे बहुमत या चौकटीतले होते.

रूबलऐवजी आलेल्या क्रोन या एस्टोनियन चलनाचे श्रेय परदेशी लेखनात पुष्कळदा लार यांना दिले जाते. ते बरोबर नाही. चलनबदल २० जून १९९२ रोजी, तीत व्हाही पंतप्रधान व सीम काल्लास मध्यवर्ती बँकेचे प्रमुख असताना झाला. प्रत्येक रहिवाशाला १,५०० रूबलपर्यंत रक्कम १० रूबलला १ क्रोन या दराने बदलून मिळाली. ८ क्रोन म्हणजे १ जर्मन मार्क असा दर बांधला गेला. सोने व परकी चलन यांचा पूर्ण आधार असेल तेवढेच क्रोन काढायचे, आणि अवमूल्यनाचा अधिकार बँकेला नाही, असा कायदा होता. त्यामुळे सरकारला तूट नोटा छापून भरता येत नव्हती. लार यांचे खरे काम या शिस्तीत टिकण्याचे: त्यांनी अर्थसंकल्प संतुलित ठेवला, अनुदाने कापली, आणि १९९२ अखेरच्या बँक संकटात तार्तू व्यापारी बँक बुडू दिली. १ जानेवारी १९९४ पासून प्राप्तिकराचा २६ टक्के हा एकच दर आला. तो ‘युरोपातील पहिला’ म्हणतात, परंतु जर्सी बेटावर एकच दर फार आधीपासून होता.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी रशियन सैन्य एस्टोनियातून माघारी गेले. चलनातून काढलेले २०० कोटींहून अधिक रूबल गुप्तपणे विकल्याचे उघड झाल्यावर २६ सप्टेंबरला संसदेने लार यांच्यावर अविश्वास दाखवला. नोव्हेंबरमध्ये आंद्रेस तारांद पंतप्रधान झाले.

दुसऱ्या कारकिर्दीत कंपन्यांच्या न वाटलेल्या नफ्यावरील कर रद्द झाला (२०००) आणि मंत्रिमंडळाच्या बैठका कागदाऐवजी संगणकावर होऊ लागल्या. आघाडीतील बेबनावामुळे त्यांनी जानेवारी २००२ मध्ये राजीनामा दिला; त्यांच्यानंतर काल्लास आले. २०११–१२ मध्ये लार संरक्षणमंत्री होते.