विकिरण-निर्देशक लेबल

विकिरण-निर्देशक लेबल म्हणजे गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉनचा झोत लागला की रंग बदलणारी चिकटपट्टी. सिरिंज, हातमोजे, टाके घालायचा दोरा असा माल खोक्यात बंद झाल्यावर, खोक्यासकट किरणांखालून नेऊन निर्जंतुक करतात. त्यात माल ना भिजतो, ना फारसा तापतो. त्यामुळे किरण दिलेला खोका आणि न दिलेला खोका शेजारी ठेवले तर कुठला कोणता, हे डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून बाहेर नखाएवढा पिवळा ठिपका चिकटवतात. तो लाल झाला म्हणजे खोका आत जाऊन आला.

प्रचलित प्रकारात पीव्हीसीच्या थरात आम्लाने पालटणारा रंग मिसळलेला असतो. किरणांनी पीव्हीसी थोडे विघटते, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटते आणि पिवळ्याचे लाल होते. शाळेतला निळा लिटमस आम्लात लाल होतो, तसेच हे; फक्त इथे आम्ल लेबलाच्या पोटातच तयार होते.

नाशिक जिल्ह्यात विकिरण म्हटले की लासलगाव आठवते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, तिथे 2002 पासून आहे. किरणांचा स्रोत कोबाल्ट-60, म्हणजे कोबाल्टचा किरणोत्सारी प्रकार. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून साधारण 60 ते 90 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांची मात्रा मोजायचे एकक) एवढीच मात्रा पुरते. 2007 पासून अमेरिकेला जाऊ लागलेल्या आंब्याला किमान 400 ग्रे लागतात, कारण तिथे कीड रोखायची असते. वैद्यकीय मालाची रूढ मात्रा मात्र 25 किलोग्रे, म्हणजे कांद्याच्या जवळपास 300 पट! सिरिंजच्या खोक्यावरचे लेबल कांद्याच्या क्रेटला लावले, तर कांदा नीट प्रक्रिया होऊन बाहेर आला तरी ठिपका पिवळाच राहील. लेबल मात्रेप्रमाणे निवडावे लागते, आणि कमी मात्रेची लेबले वेगळीच बनवतात.

लेबल ‘किरण लागले’ एवढेच सांगते. ‘किती लागले’ हे नाही. हा भेद नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण चूक इथेच होते. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य, म्हणजे त्याची ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, 5.27 वर्षे; त्यामुळे स्रोत दरवर्षी सुमारे 12 टक्क्यांनी क्षीण होतो आणि माल किरणांसमोर ठेवायचा वेळ त्या हिशेबाने वाढवावा लागतो. तो वाढवायचा राहिला, तरी ठिपका लाल होऊ शकतो, पण आतल्या मालाला पुरेशी मात्रा मिळालेली नसेल. खरा निवाडा मात्रामापकाचा: अलानाइन या अमिनो आम्लाच्या गोळ्या किंवा लाल पर्स्पेक्सचे (एक ॲक्रिलिक प्लॅस्टिक) तुकडे खोक्यांमध्ये ठरल्या जागी ठेवतात आणि नंतर यंत्रावर मोजतात. ते मोजमाप जुळल्यावरच माल सोडायचा. कच्चा आणि प्रक्रिया झालेला माल वेगळ्या बाजूंना ठेवायची शिस्तही लेबल आहे म्हणून सैल करता येत नाही.

उन्हाचे भानही ठेवावे लागते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी आणि उष्णतेने काही लेबलांचा रंग आपोआप सरकतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या उन्हात उघड्या ट्रकवर राहिलेल्या खोक्याचा नारिंगी ठिपका पुरावा म्हणून धरता येत नाही. न वापरलेल्या लेबलांची गुंडाळी अंधाऱ्या, थंड जागी ठेवतात आणि मुदत संपली की टाकून देतात.

हा ठिपका गोदामातल्या माणसांसाठी असतो. वॉर्डातल्या परिचारिकेपर्यंत बाहेरचा खोका बहुधा पोचतही नाही. ती सिरिंजच्या पाकिटावरची ‘स्टराइल’ आणि ‘आर’ (रेडिएशन, म्हणजे किरणांनी निर्जंतुक) अशी चौकट पाहते, पाकीट फाटलेले नाही ना ते बघते, आणि मुदतीची तारीख वाचते.