ट्रॉली उसनी, तेलही उसनं

उन्हाळ्यात शेणखत वाहायचे दिवस आले की गावातली एकच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं उचलली जाणारी, ट्रॉली पाच-सहा ट्रॅक्टरांमागे फिरते. सकाळी एकाकडे, दुपारनंतर दुसऱ्याकडे. पूर्वी ज्याच्याकडे एकच बैल असे तो शेजाऱ्याशी सावड करायचा. आज सावड अवजारांची होते, आणि ते चांगलंच आहे. वर्षातून पंधरा दिवस लागणारा पलटी नांगर प्रत्येकानं विकत घेऊन दारात गंजत ठेवणं कुणालाच परवडणारं नाही. केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण उप-अभियानातून २०१४-१५ पासून अवजारं भाड्यानं देणाऱ्या अवजार बँकांना अनुदान मिळू लागलं, तेही याच हिशेबानं.

पण शेजाऱ्याचा बैल आणला म्हणून त्याच्या पोटातला चारा आपल्या बैलाच्या पोटात जात नव्हता. हायड्रॉलिक अवजार उसनं आणलं की नेमकं तसं होतं: एका ट्रॅक्टरचं तेल दुसऱ्याच्या पोटात जातं.

सगळ्याच अवजारांच्या बाबतीत मात्र नाही. रोटाव्हेटर, साधा नांगर, पेरणी यंत्र ही मागच्या तीन जोडण्यांवर लटकतात. त्यांना उचलणारा सिलिंडर ट्रॅक्टरच्या पोटातच असतो आणि रोटाव्हेटर फिरतो तो शाफ्टवर. त्यामुळे तेलाचा एक थेंबही ट्रॅक्टरबाहेर जात नाही, ही अवजारं खुशाल द्यावीत-घ्यावीत. प्रश्न आहे तो नळी जोडावी लागते अशांचा: जॅकची ट्रॉली, हायड्रॉलिक पलटी नांगर, लेझर लेव्हलर, पुढचा लोडर.

किती तेल फिरतं याचा हिशेब घरी करता येतो. ट्रॉली उचलणारा १०० मिलिमीटर व्यासाचा जॅक, म्हणजे तेलाचा सिलिंडर, एक मीटर वर गेला की त्यात जवळजवळ ८ लिटर तेल चढतं. ट्रॉली खाली आली की बहुतेक सगळं परत ट्रॅक्टरात येतं, पण येताना जॅकच्या तळाशी आणि नळीत जे आधीपासून होतं ते मिसळून येतं. अर्धा इंची, तीन मीटर लांबीच्या नळीतच पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास तेल मावतं. पलटी नांगराचा सिलिंडर दोन्ही बाजूंनी ढकलणारा, म्हणून तो कधी रिकामा नसतोच. ८० मिलिमीटर व्यास आणि पाव मीटर चाल धरली तरी सव्वा लिटरपर्यंत तेल त्याच्यासोबत गावभर फिरतं. आपल्या ट्रॅक्टरला नांगर जोडून पहिल्यांदा पलटवला, की आधीच्या ट्रॅक्टरचं तेल आपल्याकडे आलं.

ते जातं कुठे? हॅरी फर्ग्युसननं १९३६ मध्ये हायड्रॉलिक लिफ्ट असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि लिफ्ट ट्रॅक्टरच्या अंगाचाच भाग झाली. आजच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, मागचा डिफरन्शियल, तेलातले ब्रेक आणि हायड्रॉलिक या सगळ्यांना एकच तेल असतं. रचना सुटसुटीत आहे, पण ट्रॉलीच्या नळीतून आलेली घाण ट्रॉली उचलायच्या लिव्हरपुरती राहत नाही, ती ब्रेकच्या प्लेटांपर्यंत पोचते. आणि टाकीकडे जाण्याआधी ट्रॉलीचं परतीचं तेल लिव्हरच्या व्हॉल्व्हमधून जातं. म्हणजे कोणत्याही फिल्टरच्या आधी घाण सर्वांत नाजूक भागाला भेटते.

आता ती घाण शिरते कुठून, हे जवळून बघू. दुपारी ट्रॉली सोडली. नळीच्या टोकाचा, ट्रॅक्टरला जोडायचा कपलर खट्‌कन निघाला आणि टोकावर तेलाचा एक थेंब राहिला. नळी टाकली ट्रॉलीच्या दांड्यावर, तिथून ती घसरली फुफाट्यात. तेलाच्या ओल्या टोकाला माती चिकटून पीठ लावलेल्या वड्यासारखा थर बसला. तासाभरानं दुसरा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं टोक पँटीला पुसल्यासारखं केलं आणि कपलर दाबून बसवला. टोकावरचा छोटा झडपेचा दट्ट्या आत ढकलला गेला, त्याच्या कडेची माती तेलाच्या वाटेत आली, आणि लिव्हर ओढताच आत गेली. या सगळ्याला दहा सेकंद लागतात, आणि पाहणाऱ्याला यात काही चुकलं असं वाटत नाही.

का वाटत नाही, तर नुकसान करणारा कण दिसतच नाही. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नुसत्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. पंपाचे गिअर आणि त्यांच्या बाजूच्या पट्ट्या, व्हॉल्व्हचा दट्ट्या आणि त्याचं भोक, यांच्यातली फट अवघी काही मायक्रॉनची. शेतातल्या मातीत गाळाचे कण असतात २ ते ५० मायक्रॉनचे, म्हणजे या फटीत बरोबर अडकतील अशाच मापाचे. त्यातले वाळूच्या जातीचे सिलिका कण साध्या पोलादापेक्षा कठीण असतात. मोठा खडा जाळीला अडतो, अगदी बारीक कण तेलाबरोबर वाहून जातो. फटीएवढा कण मात्र दोन्ही पृष्ठभागांना एकाच वेळी धरतो आणि ओरखडतो. ओरखड्यातून धातूचा नवा कण सुटतो, तोही तेच काम सुरू करतो.

एक हिशेब मी मुद्दाम करून पाहिला. ०.१ ग्रॅम धूळ घेतली, म्हणजे तांदळाच्या चार-पाच दाण्यांइतकं वजन. सगळे कण १० मायक्रॉनचे धरले तर त्यांची संख्या भरते सुमारे ७ कोटी. ४० लिटर तेलात ते पसरले तर प्रत्येक मिलिलिटरात १,८०० कण. तेलाची स्वच्छता मोजायला आयएसओ ४४०६ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण मोजून प्रत्येकाला एक अंक देतात, आणि अंक एकानं वाढला की कण साधारण दुप्पट झाले असं समजायचं. ६ मायक्रॉनसाठी १६ अंक म्हणजे मिलिलिटरमागे ३२० ते ६४० कण, १८ म्हणजे १,३०० ते २,५००. आपल्या कपलरच्या टोकावरची धूळ १६ वर असलेलं तेल एका दणक्यात १८ वर नेऊ शकते. फिल्टर हळूहळू ती पकडेल, पण तोवर ती पंपातून कितीतरी फेऱ्या मारून आलेली असते.

फट वाढल्यावर काय होतं, यातलं गणित फार कमी लोकांना ठाऊक असतं. अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. म्हणूनच कालपर्यंत ठीक चाललेली लिफ्ट बघता बघता मंदावते. सकाळी गार तेलावर ट्रॉली नीट उचलते, दुपारी तेल तापून पातळ झालं की भार घेऊन अर्ध्यावर थांबते. उचललेली ट्रॉली लिव्हर न हलवता हळूहळू बसू लागते. आमच्याकडच्या मिस्त्रींनी असा एक पंप उघडून माझ्या हातात दिला होता. बॉडीच्या आतून बोट फिरवलं, तर गिअरचे दात फिरतात त्या जागी नखाला लागतील असे चरे पडले होते. तेल नुसतं पाहिलं असतं तर मी चांगलंच म्हटलं असतं.

धुळीइतकाच वाईट पाहुणा म्हणजे पाणी. पावसात उघड्या पडलेल्या कपलरमधून ते येतं, ट्रॅक्टर धुताना तेलाच्या टाकीला हवा देणाऱ्या नळीतून येतं. ट्रॉली उचलताना टाकीतलं तेल आठ लिटरनं उतरतं आणि तेवढी बाहेरची हवा त्या नळीच्या टोपणातून आत ओढली जाते. टोपण तुटलेलं असेल तर धूळ आणि दमट हवा थेट आत. पाणी जास्त झालं की तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. कमी असेल तर तापवलेल्या जुन्या पत्र्यावर, घराबाहेर, एकच थेंब टाकून पाहावा. फोडणीसारखा तडतडला तर पाणी आहे.

तिसरी गोष्ट तेलाच्या जातीची. कुणी कंपनीनं सांगितलेलं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल घालतं, कुणी उरलेलं इंजिन ऑईल ओततं. इंजिन ऑईलमधली रसायनं घाण आणि पाणी तेलात धरून ठेवण्यासाठी असतात, त्यामुळे पाणी तळाशी बसत नाही. तेलातल्या ब्रेकना लागणारे गुण त्यात नसतात, मग ब्रेक कचकचतात. रंग सारखा म्हणून तेल सारखं, असं धरू नये.

उपाय महाग नाहीत. जोडण्याआधी दोन्ही टोकं धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडानं पुसावीत, कॉटन वेस्टनं नाही, कारण त्याचे तंतूच आत जातात. चिखल वाळला असेल तर आधी ब्रशनं झाडावं. सोडल्याबरोबर दोन्हीकडे रबरी टोप्या लावाव्यात आणि नळी दांड्यावरच्या हुकात अडकवावी. जोडलेलं असताना दोन्ही टोप्या एकमेकींत खोचून ठेवाव्यात, म्हणजे त्यांच्या आतही धूळ बसत नाही. ही एवढी सवय मला सगळ्यात मोलाची वाटते.

अवजाराच्या आतलं तेल कसलं आहे याची खात्री नसेल, तर मिस्त्रीकडून पहिलं परतीचं तेल ट्रॅक्टरऐवजी डब्यात काढून घ्यावं आणि तेवढंच नवं तेल भरावं. त्यासाठी आखूड नळी लावलेला एक जादा कपलर पुरतो. नवं तेल साडीच्या फडक्यातून गाळून उपयोग नाही, त्याच्या विणीतून १० मायक्रॉनचा कण आरामात जातो. बंद डबा, स्वच्छ नरसाळं, आणि ओतण्याआधी झाकणाभोवतीची धूळ पुसणं हेच खरं. दुसरं म्हणजे, गळती शोधायला दाबाखालच्या नळीवरून हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातली चिळकांडी कातडीत घुसते आणि त्यावर तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठा धरून पाहावं.

अवजार बँकेच्या वहीत अवजार, नाव, तारीख, तास असे रकाने असतात. तिथे आणखी एक रकाना आखावा: ट्रॅक्टरमध्ये कोणतं तेल आहे आणि ते शेवटचं कधी बदललं. ज्या तेलावर ट्रॉली चालते त्याचं नाव ट्रॉलीच्या दांड्यावर, कपलरच्या शेजारीच, पांढऱ्या रंगानं लिहावं. नळी जोडायला वाकलेल्या माणसाला ते तिथेच वाचता येतं.