गाडीला कळत होतं आज परीक्षा आहे

जर्मन गाड्यांच्या शौकिनाला पोलोचं दार लावून दाखवायला सांगा. तो तो 'धप्प' आवाज ऐकवेल आणि मग बिल्ड क्वालिटी, हायवेला गाडी कशी चिकटून चालते, स्टीअरिंग कसं जड होत जातं यावर पंधरा मिनिटं थांबायचा नाही, आणि त्यातलं बरंचसं खोटंही नसतं. पण त्याच गप्पांत कोणीतरी मधेच विचारतं, अरे ते फोक्सवॅगनचं डिझेलचं काहीतरी लफडं झालेलं ना? मग सगळे हो हो करतात, सॉफ्टवेअर होतं, धूर होता, लई मोठा दंड झाला, आणि तिथंच घोडं पेंड खातं, कारण नक्की काय झालेलं ते फारसं कोणाला सांगता येत नाही. माझ्या मते ते लफडं मुळात केमिस्ट्रीचं आहे, पैशाचा भाग नंतर आला. आणि ते एवढं का गाजलं हे कळायला या कंपनीचं नाव झालं कसं तिथून सुरुवात करावी लागते.

सुरुवात काही अभिमानाने सांगण्यासारखी नाहीये. १९३७ मध्ये नाझी राजवटीच्या कामगार संघटनेने कंपनी काढली, पुढच्या वर्षी मे महिन्यात हिटलरने स्वतः कारखान्याची कोनशिला बसवली, गाडीचं डिझाइन फर्डिनांड पोर्शेचं. किंमत ९९० राइशमार्क. सामान्य कामगाराकडे एवढे एकदम कुठून येणार, म्हणून दर आठवड्याला ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं, कार्डं भरली की गाडी. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले आणि या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध लागलं, कारखाना लष्करी गाड्या बनवायला लागला, आणि त्या बनवायला जबरदस्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी अशी साधारण २० हजार माणसं तिथं राबवली गेली. 'जर्मन इंजिनिअरिंग'चं कौतुक करताना हे पान कोणी उघडत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिलं.

१९४५ मध्ये कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात आला. गावाला वुल्फ्सबुर्ग हे नाव पण तेव्हाचंच. तिथं नेमलेल्या मेजर आयव्हन हर्स्टने पडझड झालेल्या शेडमधून गाड्या पुन्हा सुरू करून दाखवल्या आणि लष्कराने २० हजार गाड्यांची ऑर्डर दिली. ब्रिटिश मोटारवाल्यांनी मात्र ती गोलमटोल गाडी बघून नाक मुरडलं. तीच बीटल. पुढं २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यातून शेवटची निघाली तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेला होता.

एवढी का चालली? कारण साधी होती. इंजिन मागे, सिलिंडर आडवे समोरासमोर, दोन इकडे दोन तिकडे, आणि ते थंड करायला पाणीच नाही, नुसता पंखा आणि हवा. म्हणजे रेडिएटर नाही, होजपाइप नाही, वॉटर पंप नाही, थंडीत पाणी गोठून ब्लॉक तडकायची भानगड नाही. मुख्य चार बोल्ट काढले की इंजिन खाली उतरवता यायचं. जे नाहीच ते बिघडणार काय! १९६० च्या सुमाराला अमेरिकेत त्यांची एक जाहिरात आली होती, चकचकीत बीटलचा फोटो आणि खाली लिहिलेलं की ही गाडी बाद आहे, का तर डॅशबोर्डमधल्या ग्लोव्ह बॉक्सवरच्या क्रोमच्या पट्टीला डाग होता आणि तपासणाऱ्याने ती परत पाठवली. आमच्याकडे तपासणी किती कडक असते, हीच त्यांची विकण्याची गोष्ट. हे लक्षात ठेवा.

मग पॅसाट आली, १९७४ ला गोल्फ आली, पाण्याने थंड होणारं इंजिन आलं आणि ते पुढे गेलं. आणि १९८९ ला याच ग्रुपमधल्या ऑडीने टीडीआय डिझेल आणलं. तोपर्यंत डिझेल म्हणजे खडखडाट, धूर आणि सुस्तपणा. टीडीआयने तो समज मोडला, ताकद भरपूर, अ‍ॅव्हरेज भन्नाट, आणि युरोपात डिझेल स्वस्त असल्यामुळे लोकांनी रांगा लावल्या. २००८ नंतर कंपनीने हेच 'क्लीन डिझेल' म्हणून अमेरिकेत नेलं, जेट्टा टीडीआयला तिथं वर्षातल्या सर्वोत्तम हिरव्या गाडीचा पुरस्कारही मिळाला (नंतर काढून घेतला).

आता ग्यानबाची मेख बघा.

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते, नुसती हवा इतकी दाबतात, सोळा-सोळा पट किंवा जास्त, की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. यामुळेच डिझेल कमी इंधनात जास्त काम करतं. पण आत जी हवा घेतली तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन असतो. हा नायट्रोजन तसा सुस्त गडी, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, पण साधारण दीड हजार अंशांच्या वर ज्वाला गेली की तोही ऑक्सिजनशी जोडी जमवतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. म्हणजे हे प्रदूषण इंधनातल्या घाणीतून येतच नाही. कितीही शुद्ध डिझेल भरा, ते हवेतूनच तयार होणार, आणि इंजिन जितकं गरम, जितकं कार्यक्षम, तितकं जास्त.

या वायूंचा काळा धूर दिसत नाही, हा अजून एक वैताग. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्यांना त्रास देतो आणि उन्हात दुसऱ्या वायूंबरोबर मिळून जमिनीलगत ओझोन बनवतो. लॉस एंजेलिसवरचं ते कुप्रसिद्ध पिवळट धुरकं असंच बनतं, हे आरी हागन-स्मिट नावाच्या केमिस्टने १९५० च्या दशकात शोधून काढलं आणि तेव्हापासून कॅलिफोर्नियावाले या वायूंच्या मागे हात धुऊन लागलेत. युरोपचं लक्ष कार्बन डायऑक्साइडवर जास्त होतं. त्यामुळे मर्यादांमध्ये केवढा फरक होता बघा: अमेरिकेत एका किलोमीटरला ०.०४३ ग्रॅम, युरोपात तेव्हा ०.१८ ग्रॅम आणि आपल्याकडे बीएस-४ मध्ये ०.२५.

पेट्रोल गाडीचा नेहमीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इथं कामाचा नाही, कारण डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरलेला असतो आणि तो असेपर्यंत या ऑक्साइडचं पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर होत नाही. मग उपाय तीन. एक, थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडायचा म्हणजे ज्वाला थंड पडते, पण मग काजळी वाढते आणि काजळी धरणारा फिल्टर लवकर तुंबतो. दोन, एका सापळ्यात हे वायू अडकवायचे, पण सापळा भरला की तो साफ करायला मधूनमधून जास्त डिझेल जाळायचं, की अ‍ॅव्हरेज गेलं आणि काजळी परत वाढली. तीन, युरियाचं पाणी फवारायचं, बाजारात अ‍ॅडब्लू म्हणून मिळतं, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, त्यापासून अमोनिया बनतो आणि अमोनिया या ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. हा उपाय सगळ्यात चांगला, पण वेगळी टाकी लागते, खर्च वाढतो आणि टाकी सारखी भरायला लागते. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. आणि कंपनीला तर स्वस्त गाडी, दणकट पिकअप, भारी अ‍ॅव्हरेज आणि अमेरिकेची मर्यादा हे सगळं एकदमच पाहिजे होतं.

मग त्यांनी केमिस्ट्रीचा नाद सोडला आणि परीक्षेचा अभ्यास केला.

कारण परीक्षा कशी होते ते जगजाहीर आहे. लॅबमध्ये गाडीची पुढची चाकं रोलरवर चढवतात, गाडी पट्ट्यांनी बांधतात, समोर एक मोठा पंखा, मागे सायलेन्सरला पाइप, आणि ड्रायव्हर स्क्रीनवरच्या रेषेप्रमाणे अ‍ॅक्सिलेटर दाबतो. कोणत्या सेकंदाला किती वेग, हा तक्ता छापील असतो. युरोपातली तेव्हाची टेस्ट ११८० सेकंदांची, अंतर जेमतेम ११ किलोमीटर. म्हणजे पेपर फुटलेला नव्हे, आधीच वाटलेला! शिवाय लॅबमध्ये कोणी स्टीअरिंग फिरवत नाही, गाडी सरळच 'धावते'. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये हे ओळखायची सोय केली गेली. वेग, वेळ, हवेचा दाब, स्टीअरिंगची स्थिती हे सगळं टेस्टशी जुळतंय का बघायचं. जुळलं तर एक्झॉस्ट शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण जोरात, नाही जुळलं तर ढिली सोडायची. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये या तुकड्याचं नाव होतं अकूस्टिक फंक्शन, म्हणजे जणू आवाजाशी संबंधित काहीतरी साधंच.

यातला मला सगळ्यात भारी वाटणारा किस्सा कोर्टाच्या कागदांत आहे. २०१२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या काही गाड्यांचे एक्झॉस्टचे पार्ट बिघडायला लागले. इंजिनिअरांचा अंदाज असा की गाड्या रस्त्यावरही चुकून 'परीक्षा मोड'मध्येच राहतायत आणि त्या ताणाने पार्ट जातायत. म्हणजे गाडी प्रामाणिक वागली की बिघडत होती. यावर इलाज काय काढला असेल? स्टीअरिंगचा कोन बघायची सोय तेव्हा जोडली, लबाडी जास्त अचूक व्हावी म्हणून. आणि नंतर सर्व्हिसला आलेल्या गाड्यांत ते अपडेट घालूनही दिलं.

बिंग फुटलं ते पण कोणी पकडायला निघालं होतं म्हणून नाही. आयसीसीटी नावाच्या संस्थेला दाखवायचं होतं की अमेरिकेतली डिझेल गाडी रस्त्यावर किती स्वच्छ आहे, म्हणजे युरोपला सांगता येईल की बघा जमतं. काम मिळालं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला, आणि त्या छोट्या टीममध्ये अरविंद थिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीयही होते. त्यांनी लॅब गाडीत भरली. डिकीत गॅस मोजणारी यंत्रं, सायलेन्सरला जोडलेला जाड पाइप आणि हे सगळं चालवायला जनरेटर, तोही मधेच बंद पडणारा. एक पॅसाट तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलला आणि परत अशी जवळपास ४ हजार किलोमीटर नेली. जेट्टाचा आकडा मर्यादेच्या १५ ते ३५ पट, पॅसाटचा ५ ते २० पट. तिसरी गाडी बीएमडब्ल्यू होती, ती बहुतेक वेळा मर्यादेत राहिली, त्यामुळे रस्त्यावर हे जमतच नाही असं म्हणायची सोय उरली नाही. आणि फोक्सवॅगनच्या याच दोन गाड्या कॅलिफोर्नियाच्या सरकारी लॅबमध्ये रोलरवर चढवल्या की एकदम गुणी बाळ!

२०१४ च्या मे मध्ये अहवाल आला. कंपनी वर्षभर तांत्रिक कारणं सांगत राहिली, एक रिकॉल करून सॉफ्टवेअर 'दुरुस्त' पण केलं, कॅलिफोर्नियाच्या लोकांनी परत मोजलं तर फार फरक नाही. शेवटी पुढच्या वर्षीच्या गाड्यांना परवानगीच देत नाही असं सरकारी यंत्रणेने म्हटल्यावर कबुली आली आणि १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची नोटीस जाहीर झाली. अमेरिकेत ४ लाख ८२ हजार गाड्या, जगभरात १ कोटी १० लाख, काही वेळा मर्यादेच्या ४० पट. पाच दिवसांत सीईओ मार्टिन विंटरकॉर्नचा राजीनामा. एकूण खर्च ३० अब्ज युरोच्या वर गेला, २०२५ च्या मे मध्येही ब्राउनश्वाइगच्या कोर्टात चौघांना दोषी ठरवलं गेलं. बरं, हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. १९७३ च्या काही गाड्यांत तापमान बघून प्रदूषण यंत्रणा बंद करणारे स्विच सापडले होते, तेव्हा १ लाख २० हजार डॉलर भरून प्रकरण मिटवलेलं.

आपल्याकडचं प्रकरण थेट पुण्याशी जोडलेलं आहे. चाकणचा कारखाना २००९ पासून चालू, पोलो तिथली, आणि गाड्या तपासल्या त्या पण पुण्याच्याच एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने. रस्त्यावर आकडे बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलवल्या, पण म्हणणं असं की भारतात रस्त्यावरच्या टेस्टचा नियमच नाही, मग आम्ही मोडला काय? खरं सांगायचं तर मुद्दा वकिली असला तरी चुकीचा नव्हता, नियम खरंच नव्हता. हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड लावला, सुप्रीम कोर्टाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा फोक्सवॅगनने इथं डिझेलचं दुकानच बंद केलं, आता चाकणहून निघतात त्या व्हर्टस आणि टायगुन पेट्रोलच्या.

तो नियम आता आहे. युरोपात २०१७ पासून आणि आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना डिकीत यंत्र ठेवून खऱ्या रस्त्यावर टेस्ट द्यावी लागते, आणि तिथं सेकंदासेकंदाचा छापील तक्ता नसतो. पण ही झाली कंपनीची परीक्षा. आपण पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमध्ये डिझेल गाडीचं जे पीयूसी काढतो ना, त्यात गाडी जागेवर उभी करून रेस देतात आणि धूर किती दाट आहे तेवढाच मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत.